शनिवारच्या सिनेमाबद्दल रागावलेल्या पालकांना खुलं पत्र

बालविभागाच्या पालकांना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही अकरा जणांनी सह्या करून दिलेलं पत्र कार्यवाहांनी मंगळवारी माझ्या टेबलावर ठेवलं आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले. तेवढ्यावरूनच आत काय असणार ते कळलं. खरं तर प्रत्येकाला भेटून उत्तर द्यायला हवं होतं. पण तुमचं पत्र ग्रंथालयाच्या सूचनाफलकावरही लागलं आहे, तेव्हा माझं उत्तरही शेजारीच लावते. मुलं दोन्ही वाचतीलच. फलक वाचण्यात ती आपल्यापेक्षा पुढे आहेत.

तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत. एक, मुलं घाबरली आणि दोन-तीन जणांना रात्री झोप लागली नाही. दोन, ‘जंगल बुक’ म्हणून बोलावलं आणि भलतंच दाखवलं. तीन, एका निरागस गोष्टीचा चित्रपटवाल्यांनी विपर्यास केला आहे आणि ग्रंथालयाने अशा विपर्यासाला थारा देऊ नये. पहिल्या दोन तक्रारींत माझी चूक आहे. तिसरीवर मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे.

आधी चुका. अँडी सर्किस यांचा २०१८चा ‘मोगली’ हा लहान मुलांचा सिनेमा नाही, हे मला माहीत होतं. अमेरिकेत त्याला पीजी-१३ असं वर्गीकरण आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना आधीच सावध केलेलं आहे. मी तो सातवी-आठवीच्या गटासाठी निवडला होता. पण फळ्यावर लिहिताना घाई केली आणि नुसतं ‘मोगलीचा सिनेमा, शनिवारी चार वाजता’ एवढंच लिहिलं. साहजिकच धाकटी भावंडंही आली. दारात दुसरी-तिसरीतली पाच-सहा पोरं चपला काढून उभी होती, त्यांना परत पाठवायला माझी जीभ रेटली नाही. ती रेटायला हवी होती. ‘ताई, यात चड्डी पहन के फूल आहे ना?’ असं त्यातल्या एकाने विचारलंही होतं. मी हसून ‘बघू’ म्हटलं. त्या ‘बघू’बद्दल मी तुमची माफी मागते.

आता तिसरी तक्रार.

‘मूळ निरागस गोष्ट’ असं तुम्ही लिहिलं आहे. मूळ म्हणजे कोणती? आपण बहुतेक सगळे दूरदर्शनच्या रविवारचे आहोत. १९९३ साली ती जपानी ॲनिमेशन मालिका हिंदीत आली, बावन्न भागांची. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल आणि नाना पाटेकरांच्या घशातून आलेला शेरखान. आपल्यासाठी मोगली तिथेच जन्माला आला. त्याच्याही आधीच्यांसाठी तो डिस्नेच्या १९६७च्या चित्रपटात जन्मला, नाचणाऱ्या अस्वलाबरोबर. दोन्ही मला प्रिय आहेत. पण दोन्ही नंतरच्या आहेत. रुडयार्ड किपलिंगचं पहिलं ‘जंगल बुक’ १८९४चं, दुसरं १८९५चं. डिस्नेच्या स्टुडिओत बिल पीट नावाच्या लेखक-चित्रकाराने पहिला आराखडा केला तो पुस्तकाच्या जवळचा, बऱ्यापैकी काळोखी होता. वॉल्ट डिस्नेला तो रुचला नाही. खटके उडाले आणि पीट स्टुडिओ सोडून गेला. त्यानंतर गाणी आली, नाच आला, गंमत आली. म्हणजे विपर्यास म्हणायचाच असेल तर तो पन्नास-साठ वर्षांपूर्वीच झाला आहे, आणि आपण त्याच्यावर टाळ्या वाजवत मोठे झालो.

पुस्तकात काय आहे ते थोडं सांगते, कारण सह्या करणाऱ्या अकरांपैकी किती जणांनी ते वाचलं आहे याची मला शंका आहे. (रागावू नका. मीही ते तिशीत वाचलं.)

पुस्तकातला बल्लू गाणी म्हणत नाही. तो कडक शिक्षक आहे, पाठ चुकला की मोगलीला चापट मारतो. मुलाच्या तोंडावर वळ उठलेले पाहून बघीरा त्याला टोमणाही मारतो. नव्या सिनेमातला खेकसणारा, कवायत करून घेणारा बल्लू बघून तुमच्यापैकी कोणी ‘अस्वलाचं काय करून ठेवलंय’ म्हणालं. ते अस्वल खरं तर घरी परतलं आहे. ‘का’ नावाचा अजगर पुस्तकात मोगलीचा मित्र आहे, पण तो माकडांसमोर जे नृत्य करतो ते वाचताना अंगावर काटा येतो. माकडं भारल्यासारखी एकेक पाऊल त्याच्या तोंडाकडे सरकत जातात आणि बघीरा-बल्लूसुद्धा ओढले जाऊ लागतात. मोगलीवर त्या डोळ्यांची जादू चालत नाही, म्हणून ते दोघे वाचतात. आणि डिस्नेतला माकडांचा तो गाणारा राजा? पुस्तकात माकडांना राजाच नाही. ना नेता, ना कायदा, ना लक्षात ठेवायची ताकद. ती म्हणूनच भीतीदायक आहेत.

शेरखान मरतो तो कसा, तेही ऐका. गुराखी झालेला मोगली अकेला या लांडग्याच्या मदतीने म्हशींचा कळप दोन्ही टोकांनी एका घळीत घालतो आणि मधे अडकलेला वाघ खुरांखाली चिरडला जातो. मग तो पोरगा बसून त्याचं कातडं सोलतो. तेवढ्यात गावचा शिकारी बलदेव येतो आणि शंभर रुपयांच्या सरकारी बक्षिसासाठी कातड्यावर हक्क सांगतो. ते मिळत नाही म्हटल्यावर गावात जाऊन सांगतो की पोरगं चेटक्या आहे. आणि गाव त्याला दगड मारतं. ज्या कळपाने वाढवलं त्याने आधीच हाकललेलं, आता माणसांनीही हाकललं.

दुसऱ्या भागात तर ज्या मेसुआने त्याला आपलं हरवलेलं पोर समजून दूध पाजलं, तिला आणि तिच्या नवऱ्याला गावकरी चेटूक केल्याच्या आरोपावरून बांधून ठेवतात. जाळायचा बेत असतो. मोगली त्यांना सोडवतो आणि मग हाथी नावाच्या हत्तीला आणि त्याच्या तीन मुलांना बोलावून ते सबंध गाव जंगलात गाडतो. शेतं तुडवली जातात, धान्याच्या कणग्या फुटतात, भिंती पावसात विरघळतात. शेवटी तिथे गाव होतं याची खूणही उरत नाही. हे सगळं करणारा मुलगा हा आपल्या फुलाच्या गाण्यातलाच मुलगा आहे.

रानकुत्र्यांची गोष्ट तर मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. त्या टोळ्या लांडग्यांवर चालून येतात त्या दख्खनमधून. म्हणजे आपल्याकडून. कोळसून म्हणतो आपण त्यांना. किपलिंगच्या नकाशावर महाराष्ट्र असा शत्रूच्या बाजूला येतो, हे मला दरवेळी गमतीचं वाटतं.

पण जागा मात्र आपली आहे. सिवनीच्या टेकड्या, वैनगंगा. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, पुढे भंडारा-गडचिरोलीकडे उतरते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. पेंचचं जंगल आज दोन राज्यांत पसरलं आहे. किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवत होते, पुस्तकातली काही चित्रंही त्यांचीच. पण गोष्टी लिहिल्या गेल्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून, स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सातपुड्यातल्या मुक्कामांवर लिहिलेल्या पुस्तकासारख्या आधारांवर. हा माणूस साम्राज्याचा भक्त होता हे मी मुलांपासून लपवत नाही. मोगली त्याने सर्वांत आधी, १८९३ साली, एका वेगळ्याच कथेत आणला होता. तिथे तो मोठा झाला आहे आणि इंग्रजांच्या जंगलखात्यात नोकरीला लागतो. लांडग्यांच्या पोराचा शेवट सरकारी पगारावर! याच्याइतकं उदास दृश्य सर्किसच्या सिनेमात एकही नाही.

गंमत बघा, सिनेमातल्या गोऱ्या शिकाऱ्याचं नाव आहे जॉन लॉकवुड. किपलिंगच्या वडिलांचं. हे योगायोगाने झालं असेल असं मला वाटत नाही. लेखकाच्या घरातलं नाव काढून बंदुकीमागे उभं करायचं, ही चपराक आहे, आणि ती मला आवडली.

याचा अर्थ सिनेमा थोर आहे असा नव्हे. मला तो निम्माच पटला. प्राण्यांच्या तोंडावर नटांचे चेहरे ओढूनताणून बसवल्यासारखे वाटतात. लांडगे बोलायला लागले की ना ते लांडगे राहतात, ना माणसं होतात. काही मुलं घाबरली ती रक्ताला नाही, या चेहऱ्यांना घाबरली, असा माझा कयास आहे. २०१६च्या डिस्नेच्या चित्रपटातलं जंगल डोळ्यांना जास्त पटतं. (त्याच चित्रपटाला आपल्या प्रमाणन मंडळाने त्रिमितीतले प्राणी अंगावर येतात म्हणून यूए दिलं, तेव्हा देशभर हसू झालं होतं. आज मी कमी हसते.) आणि माझी मोठी तक्रार अशी की हा सिनेमा काळोखी असल्याचा आव आणतो, पण पुस्तकातला खरा काळोख टाळतो. पुस्तकात दगड आपलीच माणसं मारतात. सिनेमात बाहेरून आलेला एक दारुडा शिकारी सगळं पाप अंगावर घेतो आणि गाव जवळजवळ कोरं सुटतं. मेसुआला तर बोलायला धड चार वाक्यंही नाहीत. तुम्ही म्हणता सिनेमा फार काळा आहे. माझं म्हणणं, तो काळा आहे पण चुकीच्या जागी.

एक जागा मात्र त्याने अचूक पकडली आहे, आणि नेमकी तिच्यावरच तुमचा सगळा राग आहे. भूत.

भूत पुस्तकात नाही. सिनेमासाठी रचलेलं पांढरं, अशक्त लांडग्याचं पिल्लू. (नाव आहे म्हणून ‘भूतला’ म्हणते आहे, ‘भुताला’ नाही.) मोगली आणि तो, दोघेही कळपातले वेगळे, म्हणून जोडी जमते. कळपाच्या परीक्षेत मोगली हरतो. त्या सलत्या क्षणी भूत त्याला धीर द्यायला येतो, आपण दोघं खास आहोत असं काहीतरी म्हणतो. आणि मोगली त्याच्यावर उलटतो. आपण खास वगैरे काही नाही, तू नुसता बिघडलेला जन्मलास, अशा अर्थाचं बोलून त्याला तोडून टाकतो. पिल्लू निघून जातं. पुढे मोगली माणसांत जातो, शिकाऱ्याशी त्याची दोस्ती होते, आणि एक दिवस त्या शिकाऱ्याच्या पेंढा भरलेल्या प्राण्यांत त्याला भूत दिसतो. काचेचे डोळे.

तिथे एक मुलगा उठून बाहेर गेला. त्याचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी मागोमाग गेले. तो जिन्यात बसला होता, रडत नव्हता. मला वाटलं, त्या डोळ्यांना घाबरला. मी म्हटलं, ‘अरे, ते खोटं असतं, संगणकावर केलेलं.’ त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ही बाई मूर्ख आहे. घरच्यांनी पत्रात ‘मुलगा दहशतीखाली आहे’ असं लिहिलं, ते त्यांनी खोटं लिहिलेलं नाही. तो दोन रात्री झोपला नव्हता. पण पुढच्या शनिवारी तो स्वतःहून आला, सगळ्यांच्या आधी, आणि मी खुर्च्या लावत असताना त्याने विचारलं, ‘ताई, त्याने भूतला सॉरी कधी म्हटलं?’

मी म्हटलं, नाही म्हटलं रे. तेवढ्यात उशीर झाला.

‘म्हणजे त्याच्या डोक्यात शेवटचं तेच राहिलं?’

आता सांगा, या प्रश्नाला यू द्यायचं, यूए द्यायचं की ए? २०२३च्या दुरुस्तीपासून कायद्याने यूएचे सात, तेरा आणि सोळा असे टप्पे केले. चांगलं झालं. आपल्याला निदान वय तरी कळतं. पण हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला पडतो, कारण त्याने शेजारच्या बाकावरच्या कुणाला तरी असंच काही सुनावलेलं असतं, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत आलेलं नसतं. कुणाला, ते मी विचारलं नाही. त्या दोन रात्री तो वाघाचा विचार करत जागा नव्हता, एवढं मात्र मला कळलं.

मोठ्या गटात चर्चा वेगळीच झाली. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘खरा वाघ माणसं खातो तेव्हा शेरखान कोण असतो?’ तिचे आजोळचे लोक विदर्भातले. मग अवनीचा विषय निघाला. पांढरकवड्याच्या जंगलातली टी-१ वाघीण, जिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली गेली, मागे दोन बछडे. त्याच महिन्याच्या २५ तारखेला मुंबईत या सिनेमाचा पहिला खेळ झाला. तेवीस दिवसांचं अंतर. पडद्यावर वाघ मारणाऱ्या मुलाचं कौतुक, आणि बाहेर वाघीण मारल्याबद्दल राज्यभर भांडण. मुलांचे दोन तट पडले. एक म्हणाला, पिल्लं होती, मारायला नको होतं. दुसरी म्हणाली, तेरा घरांत जाऊन हे सांग. पाऊण तास चाललं. मी मधे पडले नाही, कारण मलाही उत्तर येत नाही. एवढं खरं की नाचणारं अस्वल दाखवलं असतं तर हा पाऊण तास झाला नसता. ते अस्वल मला आवडतं, पुन्हा सांगते. पण त्याच्यानंतर मुलं गाणं गुणगुणत घरी जातात, भांडत नाहीत.

तर मी काय करणार आहे ते लिहिते, म्हणजे पुन्हा ‘बघू’ नको.

यापुढे फळ्यावर वय लिहिलेलं असेल आणि दारात मी ते पाळेन, कितीही गोड चेहरा करून कोणी उभं राहिलं तरी. वयाखाली दोन ओळी असतील, त्याही ‘काही दृश्ये विचलित करू शकतात’ अशा सरकारी भाषेत नाही. सरळ लिहीन: यात एक पिल्लू मरतं, आणि त्याच्याशी शेवटचं बोलणं वाईट झालेलं असतं. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे, ज्यांचं कुत्रं-मांजर गेलं आहे, त्यांना ठरवता येईल. सिनेमाआधी एक शनिवार गोष्ट तोंडी सांगेन. कानाने ऐकलेल्या गोष्टीत मूल स्वतःला झेपेल तेवढंच रक्त रंगवतं, पडद्यावर ते दुसऱ्याने मापून ठेवलेलं असतं. हा फरक मला आधी सुचायला हवा होता. आणि सिनेमानंतर लगेच दिवे लावून ‘चला, घरी’ नाही. अर्धा तास बसायचं. पालकांपैकी कोणाला बसायचं असेल तर मागच्या रांगेत बसावं, पण मुलांच्या आधी उत्तरं देऊ नयेत.

तुमच्या पत्रातली शेवटची मागणी मात्र मी मान्य करत नाही. हा सिनेमा आणि ‘अशा प्रकारचे’ इतर सगळे यादीतून काढावेत असं तुम्ही म्हणता. कार्यवाहांना तसा ठराव करायचा असेल तर करोत, मी विरोधात मत नोंदवीन.

येत्या शनिवारपासून आम्ही रानकुत्र्यांची गोष्ट घेतोय. सिनेमा नाही, पुस्तक समोर ठेवून मराठीतून सांगणार. तीन शनिवार पुरेल. चौथीच्या वरची मुलं. यात अकेला म्हातारा झाला आहे आणि लढाई मोठी आहे, एवढं आधी सांगून ठेवते. जिन्यातल्या त्या मुलाने काल विचारलं, ‘अकेला मरतो का?’ मी म्हटलं, तिसऱ्या शनिवारी कळेल. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, मरायच्या आधी मोगली त्याच्याशी बोलतो का. तेवढं मात्र मी त्याला सांगून टाकलं. हो, बोलतो.

तो तिसरीत आहे. नियम मीच केला आहे, तेव्हा त्याच्या आईबाबांनी लेखी कळवलं तरच त्याला आत घेईन. चिठ्ठी शुक्रवारपर्यंत टेबलावर ठेवावी.

तुमची,
शनिवारची ताई